दुखणे, दारू आणि दूरध्वनी



१९८६ हे वर्ष दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी चेन्नईत एचआयव्हीची बाधा झालेले भारतातील पहिले रुग्ण आढळले, आणि त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. पुढे दोन्ही क्षेत्रांत मोठे काम झाले; मात्र ते दोन वेगळ्या इमारतींत झाले. दोन्ही दुखणी ज्याच्या एकाच देहात वस्तीला आली, तो माणूस या दोन इमारतींमधल्या रस्त्यावर उभा राहिला. आजचा विषय त्या माणसाचा आहे.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. त्या सुमारास औषध सुरू केलेले अनेक जण आज पन्नाशी ओलांडून कामधंदा करीत आहेत. रक्तातील विषाणू इतके कमी झालेले असतात की चाचणीत सापडत नाहीत. 'रिपोर्ट उत्तम आहे,' असे डॉक्टर सांगतात आणि ते खरेही असते. तोच माणूस रात्री मात्र तळपायांच्या आगीने उठून बसतो. मुंग्या येतात, चादरीचा स्पर्श सोसवत नाही. हा विषाणू स्वतः नसांना इजा करतो. त्यात प्रारंभीच्या काळात सर्रास दिले गेलेले स्टॅव्हुडीन हे औषधही नसा दुखावणारे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. क्षयरोगावरील आयसोनियाझिडनेही काहींना हाच त्रास होतो. औषध बदलले तरी इजा झालेल्या नसा पूर्ववत होतीलच असे नाही. ज्या औषधांनी प्राण वाचवले, त्यांतल्याच एकाची ही देणगी. तक्रार तरी कोणाकडे करायची?

येथे दारूचा प्रवेश होतो. दारूने दुखणे तेवढ्यापुरते कमी होते, ही गोष्ट कार्यकर्त्याने प्रथम मान्य केली पाहिजे. संशोधनही तेच सांगते. 'दारूने काहीच होत नाही' असे जो सांगतो, त्याच्यावरचा रुग्णाचा विश्वास पहिल्याच वाक्यात उडतो, कारण रुग्णाने तो आराम अनुभवलेला असतो. परंतु शरीर सरावते आणि तेवढ्याच आरामासाठी अधिक दारू लागू लागते. झोप मध्येच मोडते, सकाळी दुखणे अधिक तीव्र वाटते, आणि दीर्घकाळच्या सेवनाने दारू स्वतःच नसा खराब करते. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटर विदेशी मद्यात, सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. दहा ग्रॅमचे एक मोजमाप धरले तर ती सहा मापे झाली. 'रोज फक्त एक क्वार्टर' यातला 'फक्त' किती मोठा आहे, हे त्यावरून कळावे. त्यावर वेदनाशामक गोळ्या घेतल्या की यकृत आणि जठर या दोघांवरही संकट.

याहूनही घातक एक समजूत आहे. अनेक रुग्ण प्यायलेल्या दिवशी एआरटीची गोळी घेत नाहीत. दारू आणि गोळी एकत्र झाली तर विष होईल, असे त्यांना वाटते. कोणी हितचिंतकानेच तसे सांगितलेले असते. हा उपदेश दारूपेक्षाही महाग पडू शकतो. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून पिणे सुटलेले नसले तरी गोळी चुकवू नये, हेच योग्य सांगणे होय.

मग उपाय काय? अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टिबोर पॅल्फाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच रुग्णांसाठी एक उपचारपद्धती आखली. त्यांचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले काम पाहण्यासारखे आहे. पद्धती ठरवण्याआधी त्यांनी रुग्णांचेच म्हणणे ऐकून घेतले. दुखणे आणि पिणे यांचा उपचार एकत्र केला. आणि समुपदेशकाची भेट रुग्णाच्या घरी, व्हिडिओवरून घडवली. प्रयोग लहान आहे, त्याला चमत्कार म्हणू नये. त्यामागील विचार मात्र पक्का आहे.

अशा उपचारात समुपदेशक उपदेश करीत नाही, विचारतो. ('प्रेरणादायी मुलाखत' म्हणून ओळखली जाणारी ही रीत विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली. व्याख्यानांनी दारू सुटत असती, तर व्याख्यानांची एवढी हौस असलेल्या महाराष्ट्रात एकही गुत्ता उरला नसता!) पिण्याने काय मिळते, काय जाते, हे रुग्ण स्वतःच्या तोंडाने सांगतो. दुखणे किती वाजता वाढले, त्याआधी काय घडले, किती प्यायले, याची वहीत नोंद होते. पाय बरे वाटले त्या दिवशी साऱ्या आठवड्याचे काम उरकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, ही सवय मोडून काम आणि विश्रांती घड्याळानुसार वाटली जाते. 'आता हे असेच राहणार, सगळे संपले' हा विचार मनात आला की तो ओळखायचा, तपासायचा. सावकाश श्वसन शिकवले जाते. अमेरिकेतील संसर्गजन्य रोगतज्ज्ञांनी एचआयव्हीबाधितांच्या जुनाट वेदनेसाठी २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अशा मनोवर्तन उपचाराची, तसेच मान, पाठ व सांधे-स्नायूंच्या दुखण्यासाठी योगाची शिफारस आहे. योगाचे नाव वाचून हर्ष होणे स्वाभाविक आहे. पण तेथे त्याला इतर उपचारांच्या सोबतीचे स्थान दिले आहे, औषधे सोडून देण्याचे नव्हे.

हे काम तज्ज्ञच करू शकतात काय? गोव्यातील अनुभव वेगळे सांगतो. तेथे दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. अपायकारक मद्यपान करणाऱ्या या पुरुषांपैकी काहींना, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी फार तर चार बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. बैठका न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. तो अभ्यास खास एचआयव्हीबाधितांचा नव्हता आणि बैठकाही समोरासमोर झाल्या होत्या. तरी चार बैठका आणि गावातला माणूस, एवढ्या भांडवलावर काय साधते, ते त्यातून दिसले.

दुरून उपचार हवा तो दोन कारणांनी. एआरटी केंद्र गाठायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेला रोजगार. आणि त्याहून जड, ओळखीच्या कोणी पाहिले तर काय, ही धास्ती. व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात उभे राहणे म्हणजे तीच धास्ती दुप्पट. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीतून बोलता येते. एचआयव्हीसंबंधी माहितीसाठी १०९७ आहे.

एक मर्यादा मात्र कोणीही ओलांडू नये. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली आणि हात थरथरू लागले, झटके आले, भास होऊ लागले, तर तेथे फोन पुरेसा नाही. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

राहिला प्रश्न घराचा. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलाच्या अभ्यासाला लागतो. शेजारी भिंतीला कान लावून असतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, रुग्णाच्या संमतीविना त्याची बाधा उघड करण्यास मनाई केली. पण कायदा बाहेरच्या जगाला आवरतो, घरातील पडद्याआडच्या कानांना नाही. म्हणून ज्या घरात असा उपचार सुरू होईल, तेथे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ती खोली आणि तो फोन त्या एका माणसासाठी मोकळा ठेवावा, दार लोटून घ्यावे आणि तो बाहेर आल्यावर 'काय बोललास?' असे विचारू नये. चहा ठेवावा.