तुमचा पायथन कोणी बांधला?

विषय संगणकाचा असला तरी सुरुवात मोडी लिपीपासून करतो. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ स्थानांत बसते, मोडीची अक्षरं मात्र त्यांच्या पलीकडे आहेत. त्या काळातले दोन संगणक घ्या. एकावर विंडोज, दुसऱ्यावर उबुंटू, आणि दोन्हींवर पायथन २.७. दोघांनाही मोडीतलं एकच अक्षर देऊन विचारा, याची लांबी किती? विंडोजवरचा पायथन म्हणायचा दोन, उबुंटूवरचा म्हणायचा एक. आवृत्ती तीच आणि प्रोग्रॅमही अक्षरशः तोच.

फरक पडला होता तो पायथन बांधताना. पायथनचा इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे. त्याचा सोर्स कोड कंपाइल करताना तेव्हा एक पर्याय निवडावा लागे: मजकुरातल्या प्रत्येक अक्षरासाठी दोन बाइट राखायचे की चार? दोनमध्ये मेमरी वाचे, पण ६५,५३६ च्या पलीकडचं अक्षर दोन तुकड्यांत साठवावं लागे. त्याहून वाईट म्हणजे एका प्रकारच्या पायथनसाठी सीमध्ये बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्यात बहुधा चालत नसे. फक्त देवनागरीत काम करणाऱ्या मराठी माणसाला यातलं काही जाणवलंही नसतं. मोडीच्या अभ्यासकाने मात्र कपाळावर हात मारला असता.

सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीने हा पर्यायच काढून टाकला. तेव्हापासून प्रत्येक मजकूर स्वतःच्या गरजेपुरते बाइट घेतो. माझ्या मते पायथनच्या बांधणीत झालेली ही सर्वांत चांगली सुधारणा. ज्या निवडीमुळे साध्या प्रश्नाचं उत्तर बदलतं, ती वापरणाऱ्याच्या पाठीमागे कोणीतरी करून टाकणं बरोबर नव्हे.

बाकीचे पर्याय अजून आहेतच. लिनक्सवर सोर्समधून पायथन बसवायचा तर आधी कॉन्फिगर, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. कॉन्फिगर ही स्क्रिप्ट सीचे चिमुकले प्रोग्रॅम कंपाइल करून यंत्राची परीक्षा घेते: अमुक फंक्शन आहे का, तमुक प्रकाराला किती बाइट लागतात.  

खरी फसगत होते ती इथे. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीच्या हेडर फाइली यंत्रावर नसतील तर बांधणी थांबत नाही. पायथन त्या मॉड्यूलशिवाय तयार होतो. शेवटी सूचना येते, पण शेकडो ओळींच्या मागोमाग आलेली ती सूचना वाचतो कोण? मग कधीतरी कोणी एसक्यूलाइट इंपोर्ट करायला जातो आणि मॉड्यूल नाही म्हणून एरर येते. उपाय एकच. त्या लायब्ररीचं ‘डेव्ह’ पॅकेज आधी बसवायचं आणि पायथन पुन्हा बांधायचा.

बसवताना मेक इन्स्टॉलऐवजी मेक ऑल्टइन्स्टॉल वापरा, हे मी आग्रहाने सांगेन. ऑल्टइन्स्टॉल नुसत्या ‘पायथन३’ या नावाला हात लावत नाही, आवृत्तीच्या क्रमांकासह वेगळं नाव ठेवतो. लिनक्सची स्वतःची कितीतरी अवजारं सिस्टिमच्या पायथनवर चालतात. प्रीफिक्स, म्हणजे बसवण्याची जागा, बदलून त्याच्यावरच नवा पायथन चढवलात, तर पॅकेज बसवणारं अवजारच बंद पडू शकतं.

वेगासाठी ऑप्टिमायझेशनचा पर्याय आहे. त्यात पायथन एकदा बांधून, त्याच्याकडून काही चाचण्या चालवून घेऊन, कुठला भाग जास्त वापरला जातो ते पाहून पुन्हा बांधला जातो. वेळ बराच जातो, पण सर्व्हरसाठी तो सार्थकी लागतो.

ऑक्टोबर २०२४ मधल्या ३.१३ आवृत्तीत याहून धाडसी पर्याय आला. एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं ‘गिल’ हे कुलूप बांधणीतच काढता येऊ लागलं. त्याची किंमत मोजावी लागते: एकाच थ्रेडवर चालणारे प्रोग्रॅम मंदावतात. म्हणून नेहमीच्या बांधणीत कुलूप अजून आहे, आणि मला ते सध्या योग्य वाटतं.

आपल्या यंत्रावरचा पायथन कसा बांधला आहे, हे लिनक्सवर त्यालाच विचारता येतं. सिसकॉन्फिग मॉड्यूलकडे ‘कॉन्फिग आर्ग्ज’ मागितले की बांधणाऱ्याने दिलेले सगळे पर्याय समोर येतात. उबुंटूवर ही यादी चांगली लांब असते. ‘पायथन आहे, मग पॅकेजं बसवणारं पिप का नाही?’ असं पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्या यादीत नीट शोधलं तर ‘विदाउट एन्शुअरपिप’ असा एक पर्याय सापडेल.