ड्रॅक्युला: भीतीची पकड कुठे घट्ट, कुठे सैल

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली आली. रोजनिश्या, पत्रं, तारा आणि वृत्तपत्रांतली कात्रणं यांतून ती उलगडते. तिचं खरं बळ इथेच आहे. प्रत्येक पात्राला थोडंच ठाऊक असतं. वाचक मात्र धागे जुळवतो, धोका त्याला आधी कळतो आणि जीव टांगणीला लागतो. तरुण इंग्रज वकील जोनाथन हार्करच्या, ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्वानियातल्या वाड्यातल्या मुक्कामाचे पहिले चार अध्याय तर अप्रतिम! हार्कर दाढी करत असताना मागे उभा असलेला रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला आरशात दिसतच नाही. एवढ्याशा प्रसंगाने अंगावर काटा येतो. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्याला लागलेलं जहाज आणि सुकाणूला बांधलेला मृत कप्तानही मनातून जात नाही.

पुढे मात्र पकड सैल होते. ड्रॅक्युलाचा पाठलाग करणाऱ्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगची भाषणं लांबतात, मसलती वाढतात. ड्रॅक्युला स्वतः क्वचितच समोर येतो. ही अनुपस्थिती आधी भिववते, नंतर खटकते. इतक्या मोठ्या पाठलागानंतर त्याचा अंतही मोजक्या वाक्यांत उरकला आहे. तरीही ही कादंबरी वाचायलाच हवी. निदान पहिले चार अध्याय एका बैठकीत वाचा.