मोटारीची बॅटरी उतरते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



मी विषय कळवला तेव्हा कार्यकारिणीतील दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. मुलांचा आहार, कुंड्यांतील बाग, मृत्युपत्र कसे करावे, असे विषय या जागेवरून पुष्कळ झाले. त्यांत मोटारीची बॅटरी म्हणजे जरा चमत्कारिकच. पण आपल्यापैकी किती जणी स्वतः गाडी चालवतात, याची मनातल्या मनात मोजदाद करून पाहा. गाडी चालवावयास आपण शिकलो, परवाना काढला, पावसात घाट उतरलो. मात्र एखाद्या सकाळी किल्ली फिरवल्यावर गाडीने नुसते ‘टक’ केले की आपण फोन उचलतो, आणि जो कोणी येईल तो सांगेल ते खरे मानतो. “ताई, बॅटरी गेली,” किंवा “मॅडम, अल्टरनेटर खराब झाला.” पहिल्याला काही हजार रुपये, दुसऱ्याला बहुधा त्याहून अधिक. त्याचे म्हणणे बरोबर आहे की नाही, हे काही शे रुपयांच्या एका मीटरने आपल्याच आवारात पुष्कळसे कळू शकते. ते कसे, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

बायकांना यंत्रातले काय कळते, असे कोणी म्हणाले तर त्यांना बर्था बेंझ या बाईंची हकीकत सांगा. १८८८ साली ऑगस्ट महिन्यात, पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन त्यांनी त्याची मोटार जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर चालवत नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या टाचणीने साफ केली, आणि विजेची तार उघडी पडली तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. आपल्याला तर आज टाचणीसुद्धा लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या इमारतीत गच्चीवर पाण्याची टाकी आहे, खाली पंप आहे, आणि मध्ये नळ आहे. बॅटरी म्हणजे ती टाकी, अल्टरनेटर म्हणजे पंप. हा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन चालू असेल तेव्हाच भरणा होतो. मधल्या तारा आणि त्यांचे सांधे म्हणजे नळ. सकाळी टाकी रिकामी आढळली तर आपण लगेच नवी टाकी विकत आणतो का? आधी पाहतो की पंप चालला होता का, नळ तुंबला आहे का, की रात्रभर कोणाकडे तोटी उघडी राहिली. गाडीतही हेच चार संशयित आहेत. टाकी बदलणे सर्वांत सोपे, म्हणून बिचारी बॅटरीच पहिल्यांदा बदलली जाते.

मीटर म्हणजे विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो साधा डिजिटल मल्टिमीटर. त्याची चकती डी. सी. व्होल्टच्या २० या आकड्यावर ठेवावयाची. काळी तार ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात आणि तांबडी तार व्होल्टच्या छिद्रात. अँपिअर लिहिलेल्या छिद्रात तांबडी तार ठेवून बॅटरीला लावली तर ठिणगी उडून मीटर जळेल. हे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे.

आणखी थोडी पथ्ये, ती आपल्या पोशाखाची आहेत. बॉनेट उघडण्यापूर्वी पदर नीट खोचावा, ओढणी काढून ठेवावी, वेणी मागे बांधावी. इंजिन चालू असताना पट्टा आणि पंखा यांच्या जवळ हात न्यावयाचा नाही. काही गाड्यांत पंखा इंजिन बंद केल्यावरही एकाएकी फिरू लागतो. बॅटरीवर पाना चालवावयाचा असेल तर धातूच्या बांगड्या आणि अंगठी उतरवून ठेवावी. बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तो पेट घेतो. म्हणून काडी, उदबत्ती, मेणबत्ती काही जवळ नको. मी भीती घालत नाही. गॅसच्या शेगडीपाशी आपण याहून जास्त जपून वागतो.

पहिला आकडा सकाळी घ्यावा, गाडी रात्रभर उभी असताना. तांबडी तार अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. पूर्ण भरलेली नेहमीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण टाकी, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली म्हणजे तळ दिसू लागला. अर्ध्या व्होल्टाच्या फरकात एवढे सगळे मावते, म्हणून दशांश चिन्हापुढचा आकडा नीट वाचावा.

दुसरा आकडा किल्ली फिरवताना. यासाठी घरातल्या कोणाला तरी आत बसवावे. गाडी सुरू होण्याच्या क्षणी आकडा खाली जातो आणि परत वर येतो. तो साधारण साडेनऊच्या खाली कोसळला, आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर बॅटरी म्हातारी झाली असे समजावयास हरकत नाही. आपल्याकडे तिचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. उन्हाळा तिला फार बाधतो. मे महिन्यात आतून खचलेली बॅटरी पुढे पावसाळ्यात दगा देते आणि दोष पावसाला जातो.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना. तो बहुधा १३.८ ते १४.६ च्या दरम्यान असावा. मग दिवे, पंखा, एसी सगळे लावून थोडा ॲक्सिलरेटर द्यावयाचा. तरीही १३ च्या बराच वर राहिला तर पंप ठीक आहे. इंजिन चालू असूनही १२.३, १२.२ असा खाली खाली सरकत असेल तर भरणाच होत नाही. तेव्हा इंजिन बंद करून प्रथम पट्टा पाहावा: सैल आहे का, चिरा पडल्या आहेत का, काचेसारखा गुळगुळीत झाला आहे का. सकाळी सुरू करताना किंकाळी फोडणारा पट्टा पुष्कळदा हेच सांगत असतो. उलट आकडा १५ च्या वर राहू लागला तर जास्त भरणा होत आहे. बॅटरी उकळते, कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. ती गाडी चालवू नये, गॅरेजलाच दाखवावी.

अलीकडच्या काही गाड्यांत संगणक पेट्रोल वाचवण्यासाठी भरणा मुद्दाम कमीजास्त करतो. तिथे एकदाच आकडा पाहून निदान करू नये. दिवे लावून, पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतल्या नारिंगी तारांना मात्र आपण हातच लावावयाचा नाही.

आता नळाचे. आपल्या वसाहतीतील एका भगिनीच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा पहाटे डायलिसिसला न्यावे लागते. सहाची वेळ चुकली की यंत्र दुसऱ्याला जाते. जूनमध्ये गाडी सुरू होईना. गॅरेजच्या माणसाने दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडल्या, गाडी लगेच सुरू झाली, आणि नवी बॅटरी बसली. दोन महिन्यांनी तेच. वॉरंटीत बॅटरी बदलून मिळाली, पण त्या दिवशी सासूबाईंना शेजाऱ्यांच्या गाडीतून न्यावे लागले. दिवाळीच्या आधी तिसऱ्यांदा झाले, तेव्हा अल्टरनेटर बदलण्याचा हिशेब कागदावर लिहून आला. पैशापेक्षा त्या बाईंना लागले ते निराळेच. सासूबाई म्हणू लागल्या, “माझ्यापायी तुझी गाडी मोडली गं!” आणि डायलिसिसला जावयास नको म्हणू लागल्या.

आम्ही दोघींनी मीटर लावला. इंजिन चालू असताना तारेच्या क्लॅम्पवर आकडा आला १४.२, उत्तम. मग क्लॅम्पच्या आत बॅटरीचा जो शिशाचा खुंट असतो, त्या खुंटावरच टोक टेकवले, तर १३.१. म्हणजे पंपापासून पाणी अगदी टाकीच्या तोंडाशी येत होते आणि तिथे एक व्होल्टाहून जास्त गळत होते! क्लॅम्प उचलून पाहिला, तर आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड, आणि क्लॅम्पला एका बाजूने तडा. दुसरी गाडी जोडली की ही का सुरू होई, तेही उलगडले. तिच्या तारा क्लॅम्पवर लागत, खुंटावर नव्हेत. नव्या बॅटरीने दोन महिने बरे का वाटे? बसवताना क्लॅम्प थोडा घासला जाई, घट्ट होई, आणि श्रेय बॅटरीला मिळे. गॅरेजवाल्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्याने मोजले नाही, इतकेच.

उपाय सांगते. गाडी बंद, आधी उणे टोकाची तार सोडावयाची, मग अधिकाची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासावयाचे. फसफस होते ती आम्लाची. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, डोळे जपावेत, हात धुवावेत. कोरडे करून आधी अधिक, शेवटी उणे जोडावयाचे, घट्ट करावयाचे, वरून थोडे व्हॅसलीन. त्या भगिनीला नवा क्लॅम्प घ्यावा लागला. अल्टरनेटर अजून जुनाच आहे, आणि सासूबाई वेळेवर जातात.

उघड्या तोटीची परीक्षा तर रात्रीच्या दह्यासारखी आहे, लावून झोपावयाचे. संध्याकाळी गाडी थांबवून दोनतीन तासांनी आकडा लिहून ठेवावा, सकाळी पुन्हा पाहावा. १२.६ चे रातोरात १२.२ झाले तर दुसऱ्या दिवशी बॅटरी भरून घेऊन रात्री उणे टोकाची तार सोडून ठेवावी. आता आकडा टिकला, तर गाडीतील काहीतरी वीज खात आहे: डिकीचा दिवा, मागून बसवलेला कॅमेरा, खोचून ठेवलेला चार्जर. तार सोडूनही उतरला, तर बॅटरीच आतून गेली आहे. तार सोडल्याने घड्याळ मागे पडते, काही गाड्यांत रेडिओ सांकेतिक अंक मागतो. ते आधी पुस्तिकेत पाहून ठेवावे.

आणि कशातच दोष नसूनही बॅटरी उतरते, असेही घडते. घर ते भाजीमंडई दोन किलोमीटर, पावसात दिवे, वायपर, एसी चालू, आणि आठवडाभर दुसरी फेरी नाही. टाकीत बादली पडते आणि घागर निघते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणावे. एखाद्या मैत्रिणीकडे जाण्याचे हे सबळ कारण आहे.

समोरच्या फळीवरील बॅटरीचा तांबडा दिवा किल्ली फिरवताच लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर तोही दोषच. रस्त्यात लागला तर एसी, गाणी, नको असलेले सारे बंद करून, इंजिन मध्ये बंद न करता, जवळच्या गॅरेजकडे निघावे. पण त्याबरोबर तापमानाचा काटा चढू लागला तर तत्काळ सुरक्षित जागी थांबावे. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो; तो तुटलेला असतो, आणि पुढे गेल्यास इंजिनच जाते.

एक जुनी युक्ती घरातील वडीलधारी मंडळी हटकून सांगतील: इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहा, गाडी चालू राहिली तर भरणा ठीक. त्यांच्या काळी जुन्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्यांत डायनॅमो असे, तेव्हा हे खपून जाई. आताच्या अल्टरनेटरवर तसे केले तर विजेचा दाब एकदम उसळतो आणि गाडीतील संगणक जळू शकतो. तेव्हा मामांना आणि भावजींना मान द्यावा, चहा द्यावा, पण तार काढू देऊ नये.

माझा मीटर आज मी बरोबर आणला आहे आणि गाडी खाली फाटकापाशी उभी आहे. ज्यांना आकडे प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांनी अल्पोपाहारानंतर खाली यावे. आपल्याही गाडीची किल्ली बरोबर आणावी.