हात, डोळा आणि कलेचा इतिहास



चित्रकला हाताने शिकावयाची आणि कलेचा इतिहास पाठ करावयाचा, असा समज अद्याप आढळतो. ज्या डोंगररांगेत बुलढाणा वसले आहे, तिला नाव देणाऱ्या अजिंठ्यानेच तो खोटा ठरविला आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करू लागले. त्यांतील अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. मात्र मूळ रेषेचा मागोवा घेताना डोळ्यांना लागलेले वळण जळण्यासारखे नव्हते.

अशी पाठशाळा या जिल्ह्यातही आहे. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या बाह्यभिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी तेथे नेऊन रेखाटने करवून घ्यावीत. मूर्तीचा तोल आणि स्तंभाचे प्रमाण हाताने शोधले, म्हणजे 'शैली' व 'कालखंड' हे शब्द जिवंत होतात. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कला महाविद्यालयांत पुढील शिक्षणाची सोय आहे, हेही पालकांना सांगावे.

पंचायत सदस्यांचे कर्तव्य याहून निकडीचे आहे. गावातील प्राचीन मूर्तीवर भक्तिभावाने ऑइलपेंट चढविला जातो, तेव्हा छिन्नीची रेषा बुजते. कागदावरील चूक खोडता येते. दगडावरील बुजलेला पाठ उद्याच्या विद्यार्थ्याला पुन्हा वाचता येईलच, असे नाही.