वाटसरू वाघ

आमचा जालना जिल्हा कपाशीचा, मोसंबीचा. वाघ आम्हाला गोष्टीतच भेटायचा. पण २०१९च्या डिसेंबरात एक वाघ शेजारच्या बुलढाण्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला.

कागदोपत्री तो टी१सी१. लोकांनी नाव ठेवलं ‘वॉकर’. मूळचा यवतमाळच्या टिपेश्वरचा. वयात आलेला नर हद्द आणि जोडीदार शोधत बाहेर पडतो. तसा तो जूनमध्ये निघाला. गळ्यातल्या कॉलरमुळे वाट कळली. तेलंगणातून, विदर्भ-मराठवाड्यातून, नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर! चालणं बहुधा रात्रीचं. तो विसावला होता त्या झुडपात शिरलेला एक माणूस जखमी झाला, इतकंच.

ज्ञानगंगेत नीलगाय होती, रानडुक्कर होतं. वाघीण मात्र नव्हती. २०२०च्या एप्रिलात कॉलर काढली.

मी कवी माणूस. विरहावर पुष्कळ लिहिलं. पण २०५ चौरस किलोमीटरच्या रानात एकटा राहिलेला तो वाघ आठवला की शब्द अडतात. ओढ्याकाठची झुडपं, बांधावरची झाडं आपण राखली, तर त्याच्यामागून येणाऱ्याला आडोसा मिळेल. मुसाफिराला वाट द्यावी, ही आपल्या मुलखाची जुनी रीत आहे.