बावखल आणि अभ्यासक्रम

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं आपल्या शाळेनें पर्यावरण-शिक्षणाचा स्वतःचा असा एक अभ्यासक्रम आंखावा, असा ठराव मागील सभेंत झाला व त्याचा मसुदा करण्याचें काम आम्हांकडे आलें. त्याच सभेंत दुसरीही एक सूचना पुढें आली होती, ती म्हणजे शाळेच्या दक्षिणेस असलेलें बावखल बुजवून तेथें महोत्सवी सभागृह बांधावें. ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहींत असें आम्हांस वाटतें; म्हणून दोहोंविषयीं एकत्रच बोलणार आहों.

वरून आलेल्या आज्ञांची उणीव आहे असें मुळींच नाहीं. १९७७ सालीं त्या वेळच्या सोव्हिएत संघांतील त्बिलिसी येथें ह्या विषयावर राष्ट्राराष्ट्रांच्या सरकारी प्रतिनिधींची पहिली परिषद भरली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं हा विषय शाळांतून सक्तीचा करावा असा आदेश दिला आणि २००३ सालीं तो पुन्हां बजाविला. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकाचा सहावा अध्याय ह्याच शिक्षणास वाहिला. इतकें असूनही मुलाच्या हातीं काय पडतें? दुकानांत तयार मिळणारीं चित्रें चिकटविलेली एक वही, आणि थर्मोकोलचें एक जंगल. थर्मोकोलच्या जंगलास गुण मात्र पूर्ण मिळतात! दोष मुलाचा नव्हे, शिक्षकाचाही फारसा नव्हे. ॲमेझॉनच्या अरण्याविषयीं चार ओळी पाठ म्हणणाऱ्या मुलास आपल्या घरची विहीर किती हात खोल आहे हें ठाऊक नसतें, कारण तें त्यास कोणी विचारलेलेंच नसतें.

म्हणून आमच्या मसुद्याचा आरंभ पाण्यापासून आहे, व तोही ह्याच बावखलाच्या पाण्यापासून.

बावखल म्हणजे काय हें वडीलधाऱ्यांस सांगणें नको. पण सभेंत तरुण आईबापही आहेत. वसईच्या ह्या पट्टींत केळीच्या व पानवेलींच्या वाड्या ज्या गोड्या पाण्यावर पोसल्या, तें पावसाचें पाणी होय. तें जमिनींत मुरतें आणि हलकें असल्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें. पूर्वजांनीं वाडीवाडींत बावखलें खणलीं. तीं पावसाळ्यांत भरत, सभोंवतालच्या जमिनीस पाणी पाजीत आणि पुढें वाडीच्या शिंपण्यास उपयोगी पडत. आतां गणित पाहा. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारें १.०२५ भरते. दोहोंतील अंतर ०.०२५, एकास त्यानें भागिलें कीं ४० येतात. अर्थ असा कीं, समुद्रसपाटीच्या वर गोडें पाणी एक फूट उभें असेल, तर तिच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी सांठलेलें असतें. आणि वरचें तें एक फूट उपसून नेलें, तर काळांतरानें खारें पाणी खालून चाळीस फूट चढूं पाहतें. पंपांचा उपसा वाढला, टँकर भरून पाणी बाहेर गेलें आणि पाणी मुरविणारीं बावखलें बुजलीं, म्हणजे विहीर खारट कां होते, हें नववीचें मूल ह्या एका भागाकारानें समजूं शकतें. त्यास वेगळें पुस्तक कशाला? घनतेचा धडा विज्ञानांत आहेच.

हीच आमच्या मसुद्याची रीत. नवा विषय वाढवावयाचा नाहीं. आहेत तेच विषय बावखलाच्या कांठावर आणावयाचे. तिसरी-चौथीच्या मुलांनीं तेथें जावें आणि दिसेल तें झाड, पक्षी, बेडूक घरच्या बोलींतील नांवानें सांगावें. पुस्तकी नांव मागाहून. पांचवीपासून गांठी मारलेली दोरी सोडून पंधरवड्यास एकदां बावखलाची व जवळच्या पांच विहिरींची पातळी मोजावी, आणि तिचा आलेख गणिताच्या वहींत काढावा. दहावीनें प्रयोगशाळेंत त्याच पाण्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावे. मीठ असेल त्या मानानें पांढरा सांका दिसेल. भूगोलाच्या तासास २०१८ च्या जुलैंतील पूर घ्यावा, ज्यांत नालासोपाऱ्याचा लोहमार्ग पाण्याखालीं गेला. पाणी कोठून आलें ह्यापेक्षां त्याची जावयाची वाट कोठें अडली, हें नकाशावर शोधावें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें चाललेली ‘हरित वसई’ची चळवळ तर तींत भाग घेतलेल्या आजी-आजोबांस वर्गांत बोलावून त्यांच्याच तोंडून ऐकावी.

परीक्षा कशी, असें पालक विचारतील. मोजमापाची वही हीच परीक्षा. एका वर्गानें ती पुढच्या वर्गाच्या हवालीं करावयाची. पांच वर्षांची अखंड वही ज्या शाळेजवळ असेल, तिच्याकडे पंचायतीसही माहिती मागावयास यावें लागेल.

हें सारें श्रीमंत शाळांचें काम, असें कोणी म्हणेल तर त्यानें आपल्याच पालघर जिल्ह्यांतील बोर्डी व कोसबाड पाहावें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढें कोसबाडच्या टेकडीवर, गुरें चारावयास जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं, त्यांनीं कुरणांतच शाळा भरविली. पानें, बिया, खडे हींच शिकविण्याचीं साधनें होतीं.

आतां सभागृह. त्याची गरज खरी आहे, हें आम्ही जाणतों. पावसाळ्यांतील लग्नांत मांडवाखालीं भिजलेले पाहुणे आम्हीही पाहिले आहेत, आणि देणगीदारांचा हेतु उदारच आहे. बावखलामुळें डांस होतात ही तक्रारही खोटी नाहीं. तथापि त्यांत कचरा टाकणारे हात आपलेच आहेत, आणि गाळ काढलेल्या, मासे असलेल्या पाण्यांत डांसांच्या अळ्या फारशा टिकत नाहींत. पण बावखल बुजवून वर उभारलेल्या सभागृहांत, पाणी कसें मुरतें हें आम्हीं मुलांस कोणत्या तोंडानें सांगावें? पूर्वेकडील जुन्या सायकल-छपराची जागा मोकळी करतां येईल. तेथें सभागृह लहान होईल व पाडकामाचा खर्च वाढेल, हें लपवीत नाहीं. येत्या रविवारीं मत देतांना दोन्ही नकाशे आपणांपुढें असतील.

अभ्यासक्रमाचा मसुदा शाळेच्या कचेरींत ठेविला आहे. शिक्षकांनीं त्यावर मोकळेपणीं शेरे लिहावे. बावखलाचें पहिलें माप सोमवारीं सकाळीं प्रार्थनेनंतर पांचवीचा वर्ग घेणार आहे. दोरी आणून ठेविली आहे. हात-हाताच्या अंतरावर गांठी मारावयास वाडींत काम केलेले कोणी पालक आले तर बरें होईल.