कॅमेऱ्याच्या काचेवरचं धुकं



पावसाळा लागला की मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते, ‘कॅमेऱ्यात वाफ धरलीय.’ फोटो दुधाळ येतो, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, माणसाचा चेहरा पांढरट पडतो. मग घाबरून घरात सुचेल ते सुरू होतं. कोणी फोन गॅसच्या शेगडीजवळ ठेवतं, कोणी हेअर ड्रायर लावतं, कोणी तांदळाच्या डब्यात पुरतं. मी हे दुरुस्तीचं काम करतो आणि शिकवतोही. अशा फोनचं नुकसान वाफेपेक्षा या घाईनंच जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात आधी एवढंच पाहा, की धुकं काचेच्या बाहेरून आहे की आतून. स्वच्छ, कोरडं सुती कापड घ्या आणि काच हलकेच पुसा. पुसल्यावर गेलं आणि परत आलं नाही, तर विषय संपला. पुसूनही राहिलं, तर फोन तिरका धरून त्यावर दुसऱ्या फोनचा टॉर्च मारा. आतल्या बाजूला अगदी बारीक थेंबांची जाळी दिसेल. फोनमध्ये दोन-तीन कॅमेरे असतील तर प्रत्येकातून एकेक फोटो काढा. पुष्कळदा एकाच काचेखाली वाफ असते आणि बाकीचे स्वच्छ असतात. काम अडलं असेल तर तूर्त त्यांच्यावर भागतं.

बाहेरची वाफ का धरते? हवेत बाष्प असतं, आणि गरम हवेत ते जास्त मावतं. पावसाळ्यात बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प असतं. ती हवा 26 अंशांच्या आसपास थंड झाली, की बाष्पाचं पाणी व्हायला लागतं. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आता तुम्ही शिवनेरी बसच्या एसीतून उतरलात. चष्मा आणि फोन दोन्ही 22-23 अंशांवर आलेले, म्हणजे दवबिंदूच्या खाली. चष्म्यावर वाफ धरते तशीच कॅमेऱ्याच्या काचेवरही धरते. दहा-पंधरा मिनिटांत फोन बाहेरच्या हवेइतका गरम झाला, की ती आपोआप उडते. लग्नाचं किंवा कार्यक्रमाचं चित्रीकरण असेल, तर फोन एसीच्या खोलीत असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि बाहेर नेल्यावर थोडा वेळ तसाच राहू द्या. पाणी पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

आतली वाफ मात्र निराळी. ‘माझा फोन वॉटरप्रूफ आहे, मग आत पाणी गेलं कसं?’ हा प्रश्न मला सतत विचारतात. फोनवर आयपी 67 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवून झालेली चाचणी. ती नव्या फोनची असते, आणि ती पाण्याची असते, बाष्पाची नव्हे. फोन काही बाटलीसारखा बूच लावून बंद केलेला नसतो. स्पीकर आणि माइक चालायला, आतला-बाहेरचा दाब सारखा राहायला हवा आत-बाहेर जावीच लागते. त्यासाठी बारीक पडदे असतात, ते पाण्याचा थेंब अडवतात. बाष्प हवेबरोबर आत जातं.

पुढे काय होतं तेही समजून घ्या. भर पावसात तुम्ही बराच वेळ व्हिडिओ काढता. प्रोसेसर तापतो, बॅटरी तापते, आतला ओलावा हवेत येतो. त्याच वेळी बाहेरून पावसाचे थेंब कॅमेऱ्याची काच गार करत असतात. गार काचेला आतून गरम, ओलसर हवा लागली की थेंब धरणारच. न्हाणीघरात गाणी ऐकायला फोन नेणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडतं, गरम पाण्याची वाफ थेट स्पीकरच्या जाळीतून शिरते.

फोन उघडला की मागच्या काचेच्या कडेनं चिकट पट्टी दिसते आणि कॅमेऱ्याभोवती रबराचं किंवा फोमचं बारीक कडं. फोन एकदा पडला, किंवा बॅटरी बदलताना उघडला आणि जुनीच पट्टी दाबून बसवली, की तिथे केसाएवढी फट राहते. वाफ धरलेल्या फोनमध्ये मला ही फट फार वेळा सापडते.

आता उपाय. फोन पाण्यात पडलेला नसेल आणि नीट चालत असेल, तर आधी महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. मग फोन बंद करा. कव्हर काढा, सिमकार्डाचा ट्रे बाहेर काढा, चार्जिंगला लावू नका. कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एक-दोन दिवस ठेवा. बुटांच्या खोक्यातली, वर्षभर उघडी पडलेली पुडी चालणार नाही, ती आधीच ओलावा पिऊन बसलेली असते. ताजी घ्या. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, नारिंगी दाणे हिरवट झाले की संपले. तांदूळ नकोच. पावसाळ्यात तो स्वतःच दमट असतो, आणि त्याची पूड चार्जिंगच्या भोकात बसते. ड्रायर, शेगडी, गाडीच्या काचेखालचं ऊन, हेही नको. दुकानात मागची काच काढायला आम्ही उष्णताच देतो, कारण तिनं गोंद सुटतो. घरी तुम्ही तेच केलंत, तर उरलेलं सीलही जातं आणि बॅटरीला धोका होतो तो वेगळाच.

हे मी एवढ्या तळमळीनं सांगतोय, कारण फोनचा कॅमेरा आता हौसेपुरता राहिलेला नाही. 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. खरिपाची नोंद शेतकऱ्यानं शेतात उभं राहून, पिकाच्या फोटोसह करायची, आणि तीही ऐन पावसाळ्यात. शेतात जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालता ना? तो आधी कोरडा पुसा, पिशवीत सिलिका जेलची एक पुडी टाका आणि घरी आल्यावर फोन पिशवीतून बाहेर काढून ठेवा. ओल्या हातानं बंद केलेली पिशवी पाऊस अडवते, पण ओलावा आतच कोंडते.

कोकणात किंवा गोव्यात समुद्राचं पाणी लागलं, तर मात्र वाट पाहू नका. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि आतले जोड गंजवतं. फोन बंद करा, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडानं पुसा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. एरवीही दोन दिवसांत वाफ गेली नाही, गेली पण काचेवर डाग राहिला किंवा पुन्हा पुन्हा धरू लागली, तर फोन उघडायलाच हवा. सिमच्या खाचेत किंवा आत एक पांढरी खूण असते, पाणी लागलं की ती लाल होते. ती लाल दिसली तर वॉरंटीत दुरुस्ती मिळणं अवघड.

दुकानात ‘कॅमेराच बदलावा लागेल’ असं लगेच सांगितलं, तर थांबा. आधी आतून सुकवून काच साफ करायला सांगा, पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. फोन बंद करताना नवी चिकट पट्टी आणि कॅमेऱ्याभोवतीचं नवं कडं बसवायला सांगा, आणि ते तुमच्यासमोर बसवून घ्या. आणि त्यानंतर तो फोन पावसात उघडा वापरू नका, कारण कारखान्यात झालेली ती पाण्याची चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा झालेली नसते.